दोन दिवस, एक खोली आणि जिवाभावाचा मित्र
(इयत्ता नववी-दहावी : निबंधलेखनाचा एक पाठ)



'सुट्टीचे दोन दिवस' हा विषय आपण फळ्यावर लिहितो आणि पस्तीस मिनिटांत पन्नास वह्या गोळा होतात. त्या वाचायला बसलं की काय दिसतं? मामाचं गाव, हिरवीगार शेतं, टुमदार बंगला, बागेतली रंगीबेरंगी फुलं. लिहिणाऱ्या मुलांपैकी निम्मी नालासोपाऱ्यात नाहीतर विरारला एका खोलीत राहतात. शनिवार-रविवारी ती बंगल्यात नसतात. ती पाणी भरत असतात, धाकट्या भावंडांना सांभाळत असतात, इमारतीच्या जिन्यात मित्राशी गप्पा मारत बसलेली असतात. यातलं काहीच वहीत येत नाही. मुलाला वाटतं, निबंधात लिहिण्यासारखं आपल्या घरी काही नाहीच. मार्गदर्शकात जे छापलंय तेच 'निबंधाचं घर'.

आजचा पाठ याच जागेवर बोट ठेवतो. विषय आहे : 'माझा जिवलग मित्र (किंवा मैत्रीण) दोन दिवस माझ्या घरी'. विषय सोपा वाटेल. पण मुलांना आपल्या घराविषयी काय वाटतं हे त्यातून जितकं कळतं, तितकं पालकसभेतही कळत नाही.

हा विषय का घ्यायचा?

पहिलं कारण परीक्षेचं. ते लपवायचं कशाला? दहावीच्या मराठी कुमारभारतीच्या ८० गुणांच्या कृतिपत्रिकेत प्रसंगलेखन, आत्मकथन, वैचारिक लेखन यांपैकी एका कृतीला ८ गुण असतात. प्रसंगलेखनात मुलं कमी पडतात ती शब्दांमुळे नव्हे, तर प्रसंग डोळ्यांसमोर नसतो म्हणून. घरातला प्रसंग डोळ्यांसमोर असतो. तिथे तपशील आठवावा लागत नाही, निवडावा लागतो.

दुसरं कारण वयाचं. हॅरी स्टॅक सलिव्हन या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञाचं एक पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर, १९५३ साली प्रसिद्ध झालं. किशोरवयाच्या उंबरठ्यावर मुलाला एक जवळचा मित्र मिळणं किती मोलाचं असतं, हे त्याने त्यात मांडलं. तोपर्यंत मुलाला खेळायला सवंगडी लागतात. या टप्प्यावर पहिल्यांदाच घराबाहेरच्या कुणाचं तरी सुख त्याला स्वतःच्या सुखाइतकं महत्त्वाचं वाटू लागतं. आणि मित्राच्या डोळ्यांनी स्वतःकडे बघता आल्यामुळे 'मी वाटतो तितका वेगळा, वाईट किंवा एकटा नाही' हे त्याला कळतं. आईवडिलांनी शंभरदा सांगूनही हे पटत नाही. मित्र एक रात्र घरी राहिला की पटतं.

तिसरं कारण आपल्या गावाचं. आपली महानगरपालिका २००९ साली झाली आणि २०११ च्या जनगणनेतच शहराची लोकसंख्या १२ लाखांच्या वर गेलेली होती. पश्चिमेला किनाऱ्याच्या गावांत वाडवळ, सामवेदी, कुपारी ख्रिस्ती, कोळी, आगरी अशी पिढ्यान् पिढ्या राहणारी माणसं. पूर्वेला तुंगारेश्वरच्या बाजूला आदिवासी पाडे. आणि मधे रेल्वेच्या दोन्ही अंगांना कोकणातून, घाटावरून, गुजरातेतून, उत्तरेकडून आलेली कुटुंबं. एका बाकावर बसणाऱ्या दोन मुलांच्या घरांत अंतर असतं दोन-चार मैलांचं, पण बोली वेगळी, जेवण वेगळं, सणवार वेगळे. शाळेच्या गणवेशात हा फरक दिसत नाही. घरी गेल्यावरच दिसतो.

पाठ कसा घ्यावा? (तीन तासिका)

पहिल्या तासिकेत लिहायचं काहीच नाही, फक्त बोलायचं. मुलांना पाच प्रश्न द्या. मित्र घरात शिरल्यावर त्याला आधी काय दिसेल? कसला वास येईल? कुठला आवाज ऐकू येईल? तो कुठे झोपेल? आणि आपल्या घरातली कोणती गोष्ट त्याने बघू नये असं वाटतं? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर वर्गात मोठ्याने विचारू नका. ते ज्याचं त्याने मनात ठेवायचं. निबंध तिथूनच सुरू होतो.

दुसऱ्या तासिकेत खालचा नमुना मोठ्याने वाचा. मुलांच्या बोलण्यातून येणारे तपशील एकत्र करून तो वर्गासाठी तयार केला आहे. त्यातली मुलं खरी नाहीत, पण अशी मुलं प्रत्येक वर्गात असतात. तिसऱ्या तासिकेत मुलं स्वतःचा निबंध लिहितील.

नमुना निबंध : माझा मित्र आमच्या घरी राहायला आला

आम्ही नालासोपारा पूर्वेला राहतो. एक खोली आणि तिला लागून स्वयंपाकघर. आम्ही पाच जण आहोत. आई, बाबा, आजी, धाकटी बहीण आणि मी. माझा मित्र भुईगावला राहतो. त्याच्या घराला ओटा आहे, मागे केळीची वाडी आहे, विहीर आहे. आठवीपासून मी त्याच्याकडे कितीतरी वेळा गेलो. त्याला मात्र मी कधी बोलावलं नाही. 'आजी आजारी आहे', 'पाहुणे आलेत' अशी कारणं सांगायचो. एके दिवशी तो म्हणाला, "या शनिवारी मी तुझ्याकडे राहायला येतोय. आजी आजारीच असेल तर तिला भेटायला येतो." मग माझ्याकडे कारण उरलं नाही.

शनिवारी दुपारी तो आला. हातात केळीच्या सुक्या पानात बांधलेली सुकेळी होती. आजीने पुडी नाकाशी नेली आणि विचारलं, "तू खंयचो रे झिला?" मला वाटलं त्याला कळणार नाही. तो लगेच म्हणाला, "भुईगावचा." मग आजीने त्याला त्यांच्या घरात बोलतात तसं बोलायला लावलं. तो लाजत लाजत कादोडीत दोन वाक्यं बोलला. आजीला अर्धं कळलं, अर्धं नाही, आणि ती डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. शाळेत आम्ही दोघं पुस्तकातलं मराठी बोलतो. तो घरी दुसरंच बोलतो आणि मीही, हे मला त्या दिवशी कळलं.

रात्री साडेनऊला टँकर आला. खाली एकच गलका झाला. मी बादल्या घेतल्या, त्याने न विचारता दोन कळश्या उचलल्या. तीन मजले चढून आम्ही सात फेऱ्या मारल्या. पाचव्या फेरीला त्याने टँकरवाल्याला विचारलं, "पाणी कुठून आणता?" तो म्हणाला, "तिकडे पश्चिमेला, गावातल्या विहिरीचं." मित्र काहीच बोलला नाही. सहाव्या फेरीला त्याने कळशी जरा जपून धरली होती. एक थेंबही सांडू दिला नाही.

बाबांची रात्रपाळी होती म्हणून स्वयंपाकघरात आम्हा दोघांना झोपायला जागा झाली. पाय लांब केले की ओट्याला लागत होते. बाहेर बहीण झोपेत बडबडत होती, आजी तिला झोपेतच दटावत होती, शेजारचा टीव्ही चालू होता. मी म्हणालो, "तुला झोप नाही यायची. आमच्याकडे असाच गोंधळ असतो."

तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "आमच्या वाडीला गिऱ्हाईक आलंय. काकांना विकायची आहे, बाबांना नाही. दोन महिने झाले, दोघं एकमेकांशी बोलत नाहीत. जेवायला सगळे एकत्र बसतात, पण ताटाचा आवाज तेवढा येतो. तुमच्याकडे सगळे एकाच वेळी बोलतात. मला तेच आवडलं."

मी त्याच्या घरी इतक्या वेळा गेलो होतो. मला ओटा दिसला, विहीर दिसली, केळी दिसल्या. हे दिसलं नव्हतं.

रविवारी सकाळी बाबा आले ते बोंबील घेऊनच. ते झोपले म्हणून आम्ही आवाज नको म्हणत बाहेर पडलो आणि पूल ओलांडून सोपाऱ्याचा स्तूप बघायला गेलो. परत आलो तेव्हा आईने बोंबील तळले होते. मित्र चार भाकऱ्या जेवला. त्याला संध्याकाळच्या मिस्साला पोचायचं होतं म्हणून मी साडेतीनलाच त्याला बसपर्यंत सोडायला गेलो.

बस आली. चढता चढता तो म्हणाला, "पुढच्या शनिवारी तू ये. आणि आमच्याकडे जेवताना बोल. काहीही बोल. तू बोललास तर बाकीच्यांनाही बोलावं लागेल."

मी हो म्हणालो. काय बोलायचं ते अजून ठरवलेलं नाही.

वर्गात चर्चेसाठी

१. निबंधात 'आम्ही खूप मजा केली' हे वाक्य कुठे आहे? (नाही. तरीही मजा झाली हे कशावरून कळतं?)

२. मित्राने सहाव्या फेरीला कळशी जपून का धरली? लेखकाने कारण सांगितलं आहे का? सांगायला हवं होतं का?

३. लेखकाला कशाची लाज वाटत होती आणि मित्राला कशाचं दुःख होतं? दोघांनी एकमेकांपासून काय लपवलं होतं?

४. आजी मालवणीत बोलते. ते वाक्य प्रमाण मराठीत लिहिलं तर काय कमी होईल?

५. शेवटी तात्पर्य लिहिलेलं नाही. तुम्ही असता तर कुठे थांबला असता?

दुसऱ्या प्रश्नावर मुलांना बोलू द्या, घाई करू नका. आपल्याकडे पश्चिमेच्या गावांतल्या विहिरींचं पाणी टँकरने शहरात जाणं हा जुना आणि दुखरा विषय आहे. वसईच्या हरित पट्ट्यासाठी झालेल्या चळवळीत पाण्याचा प्रश्न होताच. वर्गात दोन्ही बाजूंची मुलं असतात. एकाच्या घरी विहीर आहे, दुसऱ्याच्या दारात टँकर येतो. कोण बरोबर, हे ठरवायची ही जागा नव्हे. पण दोघांनी एकमेकांची कळशी उचलून बघितली, तर पुढे कधीतरी हा प्रश्न सोडवणारी माणसं त्यांच्यातूनच निघतील.

स्थानिक इतिहासाशी जोड

निबंधातली दोन मुलं स्तूप बघायला जातात ते उगीच नाही. नालासोपारा म्हणजे प्राचीन शूर्पारक, पश्चिम किनाऱ्यावरचं मोठं बंदर. इथला स्तूप 'बुरूड राजाचा कोट' या नावाने ओळखला जायचा. पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ साली त्याचं उत्खनन केलं. त्याच वर्षी सोपाऱ्यात सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. पुढे १९५६ साली नवव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला तो भुईगावला. म्हणजे बघा, एक तुकडा एका मित्राच्या गावचा, दुसरा दुसऱ्याच्या!

या लेखांतला मजकूर मुलांना जरूर सांगा. आठव्या लेखाचा आशय असा, की पूर्वीचे राजे विहारयात्रेला, म्हणजे शिकार आणि करमणुकीसाठी बाहेर पडत. अशोकाने राज्याभिषेकाला दहा वर्षं झाल्यावर बोधगयेची यात्रा केली आणि तेव्हापासून त्याच्या धर्मयात्रा सुरू झाल्या. त्यांत वृद्धांना भेटायचं, श्रमण-ब्राह्मणांना दान द्यायचं, खेड्यापाड्यांतल्या माणसांशी बोलायचं. त्यात त्याला जास्त आनंद वाटे. रिकामा वेळ कसा घालवावा, याविषयी सव्वादोन हजार वर्षांपूर्वी दगडावर कोरलेला मजकूर आपल्या नालासोपाऱ्यात होता, आणि त्यातलं उत्तर काय? माणसांना जाऊन भेटा.

नवव्या लेखात तो म्हणतो, आजारपण, लग्न, मूल होणं, प्रवास अशा वेळी लोक नाना विधी करतात, पण खरा मंगल विधी म्हणजे नोकरचाकरांशी नीट वागणं, वडीलधाऱ्यांचा मान राखणं, प्राण्यांना जपणं. आणि हे चांगलं आहे असं एकमेकांना कुणी सांगावं? वडील, मुलगा, भाऊ, धनी यांच्याबरोबर त्या यादीत मित्र आहे आणि शेजारीही आहे. मुलं हे ऐकून चकित होतात. इतिहासाच्या तासाला जे सनावळीत अडकतं, ते इथे त्यांच्या शनिवार-रविवारशी जोडलं जातं.

पालकांसाठी थोडंसं

'दुसऱ्याच्या घरी राहायला कशाला? दिवसा खेळा की!' हे वाक्य बहुतेक घरांत ऐकू येतं. त्यामागची काळजी खोटी नाही. मुलींच्या बाबतीत तर ती दुप्पट असते. म्हणून सरसकट 'पाठवा' असं कुणी सांगू नये आणि सरसकट 'नाही' असंही म्हणू नये. काही गोष्टी पाळल्या तर निर्णय सोपा होतो.

• दोन्ही घरच्या मोठ्यांनी आधी एकमेकांशी बोलावं. फक्त मुलांच्या निरोपावर जाऊ नये. घरी कोण कोण असेल, मूल कुठे झोपेल, हे विचारण्यात लाजण्यासारखं काही नाही. विचारणाऱ्याचा राग धरू नये.

• मुलाला एक गोष्ट पक्की सांगून ठेवा : कुठल्याही कारणाने नकोसं वाटलं तर रात्रीसुद्धा फोन कर, आम्ही न रागावता न्यायला येऊ. कुणाचाही नकोसा स्पर्श झाला तर तो लगेच सांगायचा, मग तो माणूस कितीही जवळचा असो. मुलांच्या संरक्षणासाठी २०१२ चा पोक्सो कायदा आहे आणि १०९८ ही मदतवाहिनी मोफत आहे. हा नंबर मुलांना पाठ असू द्या.

• मित्र घरी आला की 'किती टक्के पडले?' हा प्रश्न विचारू नका. त्याचं आडनाव ऐकून पुढची चौकशीही नको. काय खातो, काय चालत नाही, हे मात्र जरूर विचारा. उपवास, नमाज, मिस्सा यांच्या वेळा त्याच्या असतील, त्या सांभाळा.

• रात्री झोपताना सगळ्यांचे मोबाईल एका जागी ठेवा, मोठ्यांचेही. गप्पा अंधारातच जास्त होतात.

• घर लहान आहे म्हणून मुलाला मित्र आणू देत नसाल तर एकदा विचार करा. जागेची अडचण खरी असते. पण 'आपलं घर दाखवण्यासारखं नाही' ही समजूत मूल तुमच्याकडूनच शिकतं आणि ती मोठेपणीही जात नाही. पाहुण्या मुलाला खोलीची लांबी-रुंदी आठवत नाही. कुणी प्रेमाने वाढलं आणि कुणी हसून बोललं, तेवढं आठवतं.

• सोमवार ते शुक्रवार विरार लोकलने जा-ये करणाऱ्या आई-बाबांना मूल जागं दिसतं तेच मुळी शनिवार-रविवारी. त्यात मित्रही आला तर आपला वेळ गेला असं वाटणं साहजिक आहे. पण मित्राशी बोलताना आपलं मूल कसं असतं, हे बघायची संधी त्याच वेळी मिळते. चहा ठेवता ठेवता कान उघडे ठेवा, मधे बोलू मात्र नका.

आणखी एक व्यवहारातली गोष्ट. जुलै २०१८ च्या पावसात वसई-विरार पट्ट्यात पाणी साचलं, नालासोपाऱ्याला रूळ पाण्याखाली गेले, गाड्या थांबल्या. अशा दिवशी शाळेतून निघालेल्या मुलाला जवळचं एक ओळखीचं घर असणं म्हणजे काय, हे ज्यांनी अनुभवलंय त्यांना सांगायला नको. मुलांच्या मैत्रीमुळे दोन घरं एकमेकांना ओळखू लागतात. अडचणीच्या दिवशी ती ओळख कामाला येते.

शब्दसंपत्ती

सुकेळी – राजेळी केळी सोलून, उन्हात वाळवून केलेला वसईचा प्रसिद्ध पदार्थ.
कादोडी – वसईतल्या सामवेदी समाजांची बोली.
खंयचो – (मालवणी) कुठला.
झिल – (मालवणी) मुलगा. हाक मारताना 'झिला'.
मिस्सा – ख्रिस्ती लोकांची चर्चमधली सामुदायिक उपासना.
वाडी – केळी, फुलं, भाज्या यांची घरालगतची बाग.

स्वाध्याय

१. 'माझा मित्र / माझी मैत्रीण दोन दिवस माझ्या घरी' या विषयावर प्रसंगलेखन करा. 'निसर्गरम्य', 'टुमदार', 'आनंदाला पारावार उरला नाही' हे शब्द वापरायचे नाहीत.

२. हाच प्रसंग पाहुण्या मित्राच्या बाजूने लिहा. त्याला तुमच्या घरात काय वेगळं वाटलं असेल?

३. घरात बोलली जाणारी, पण पाठ्यपुस्तकात नसलेली दहा शब्दांची यादी करा. मित्राच्या यादीशी ताडून बघा.

४. मित्र अजून राहायला आलेलाच नाही? मग तो आला तर काय होईल, ते लिहा. हेही चालेल.

शिक्षकांना एक विनंती. या वह्या तपासताना शुद्धलेखनाच्या खुणा करा, पण बोलीतले शब्द लाल शाईने खोडू नका. आणि एखाद्या मुलाने घरातलं काही नाजूक लिहिलं असेल, तर तो निबंध वर्गात वाचून दाखवू नका. मुलाला बाजूला बोलावून 'छान लिहिलंस, मी वाचलं' एवढंच सांगा. काळजी करण्यासारखं काही असेल तर त्याच्याशी निवांत बोला. गरज वाटली तर मुख्याध्यापकांच्या कानावर घाला.

खरं लिहिलेला एक निबंध वर्गात आला की पुढच्या वेळी चार येतात. मार्गदर्शकातला बंगला रिकामा व्हायला वेळ लागेल. पण तो रिकामा झाला की त्या जागी मुलांची स्वतःची घरं येतील. त्या घरांत आपल्याला पाहुणे म्हणून बोलावलंय, हे लक्षात ठेवून वही उघडूया.